आईचं नाव नोंदवलेलं नाही

भारतातून युरोप-अमेरिकेत दत्तक गेलेल्या मुलांपैकी कित्येकांना भारतात कोणी दत्तक घेतलंच नव्हतं. बाळ मुंबईहून विमानात बसलं, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते कोणाचंच मूल नव्हतं. इथल्या न्यायालयाने स्वीडनच्या, इटलीच्या किंवा अमेरिकेतल्या एखाद्या जोडप्याला त्याचं ‘पालक’ नेमलेलं असे, आणि न्यायालयाच्या हद्दीबाहेर त्याला नेण्याची परवानगी दिलेली असे. दत्तकाचा विधी व्हायचा तो पुढे, त्या परक्या देशात, तिथल्या कायद्याने. हा पालकत्वाचा हुकूम ज्या कायद्याखाली निघे, तो १८९० सालचा गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट. इंग्रजांनी तो केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे होते ते वाडे, जमिनी आणि वतनं मागे ठेवून बाप वारलेले अल्पवयीन वारस. त्यांची इस्टेट चुलत्यांनी गिळू नये, एवढीच चिंता. नावावर एका झबल्याखेरीज काहीही नसलेल्या तान्ह्या मुलांना देशाबाहेर न्यायला हा कायदा पुढे उपयोगी पडेल, हे तो लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नसणार.

अशा मुलाच्या फायलीत हुकुमाखेरीज आणखी एक कागद असतो. जन्मदात्रीची माहिती लिहायचा. बहुतेकदा तो जवळजवळ कोरा असतो. हुकुमाचा इतिहास न्यायालयांच्या निकालांत सापडतो. कोऱ्या कागदाचा इतिहास मात्र त्याहून जुना आहे, आणि त्यातला मोठा भाग पुण्याचा आहे.

आधी हुकुमाचा प्रश्न. परदेशी जोडप्याला सरळ दत्तक का देता येत नव्हतं? कारण आपल्याकडे दत्तक ही मुलाची सोय कधीच नव्हती. ती बापाची सोय होती. पिंड द्यायला, घराण्याचं नाव चालवायला, गादी राखायला मुलगा हवा. मराठी माणसाला दत्तक म्हटलं की आजही आधी राजघराणी आठवतात ती उगाच नाहीत. १८४८मध्ये साताऱ्याच्या शहाजीराजांनी मरताना घेतलेलं दत्तक डलहौसीने नाकारलं आणि छत्रपतींची गादी खालसा झाली; पाच-सहा वर्षांत झाशीवर तीच वेळ आली. या सगळ्या वादात दत्तक म्हणजे वारसाहक्क, बाकी काही नाही. शास्त्राचा नियमही तसाच होता. मूल हाताने द्यावं लागे आणि हाताने घ्यावं लागे, आणि देण्याचा अधिकार फक्त आईबापांचा. म्हणजे ज्याला आईबाप नाहीत, त्याला दत्तक जाता येत नसे. अनाथाला घर मिळण्याची वाट नेमकी अनाथपणानेच बंद केलेली होती. मुलीचा तर प्रश्नच नव्हता.

ही चौकट पुण्यात कोणी मोडली, ते सर्वांना ठाऊक आहे. पण ती कशी मोडली, त्यातला एक तपशील इथे महत्त्वाचा आहे. १८६३मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्यामागे एक खटला होता. जोतीरावांच्या मित्राकडे स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला दिवस गेले, लोकलाजेपायी तिने जन्मलेलं मूल मारलं, आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फुल्यांनी गावात जागोजागी पत्रकं लावली: विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. बाईचं नाव कोणाला कळणार नाही, हे त्या घराचं वचन होतं. वचन नसतं तर कोणी उंबरा ओलांडलाच नसता.

डिसेंबर १८८४मध्ये बेहरामजी मलबारींच्या बालविवाह आणि सक्तीच्या वैधव्यावरच्या टिपणांना उत्तर लिहिताना जोतीरावांनी या घराचा हिशेब दिला आहे. तोवर पस्तीस विधवा तिथे बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली. बाकीची तीस गेली. गर्भ लपवायला आयांनी घेतलेल्या जहरी औषधांनी ती पोटातच जायबंदी झाली होती, असं कारण त्यांनी लिहिलं आहे. फुल्यांचं नाव घेऊन होणाऱ्या भाषणांत हा आकडा फारसा ऐकू येत नाही. खरं तर त्या घराची गरज याहून नेमकेपणाने कोणी सांगू शकणार नाही.

तिथेच जन्मलेल्या यशवंतला जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४च्या सुमारास आपला मुलगा केलं. त्याची आईही काशीबाईच, पण वेगळी. शास्त्राला न विचारता, जात न बघता, पिंडाची पर्वा न करता घेतलेलं हे मूल. महाराष्ट्रातल्या आधुनिक दत्तकाची सुरुवात मी इथूनच धरतो. १८८७मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र नोंदवून यशवंतचा हक्क पक्का केला. तरी नोव्हेंबर १८९०मध्ये ते वारले तेव्हा टिटवं धरायच्या यशवंतच्या अधिकाराला भाऊबंदांनी हरकत घेतलीच, आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः धरलं. त्याच १८९०च्या जुलैत पालकत्वाचा तो कायदा अमलात आला होता. दोन्ही घटनांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही. तारखा शेजारी येतात, इतकंच.

यशवंतच्या आईचं नाव आपल्याला माहीत आहे. बाकीच्या चौतीस जणींचं नाही, आणि ते तसंच असायला हवं होतं. १८७५मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या न्यायखात्यातल्या गुजराती गृहस्थांनी प्रार्थना समाजाच्या वतीने जो आश्रम सुरू केला, त्याच्यापुढेही हीच अडचण होती. पंढरपूर हे वारीचं गाव. विधवेने तिथे चार महिने जाऊन राहिलं तर कोणी भुवई उंचावत नसे. पोट लपवायला त्याहून सोयीची जागा नव्हती, आणि वाळवंटात मुलं सापडायची तीही त्यामुळेच. लगेच १८७६चा दुष्काळ आला आणि आश्रमात दुष्काळातली पोरंही आली. आज नवरंगे बालकाश्रम म्हणून तो ओळखला जातो.

मग पंडिता रमाबाई. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. त्यांना मदत करणारं मंडळ बोस्टनमध्ये १८८७सालीच स्थापन झालं होतं. अमेरिकेतल्या बायका वर्गणी जमवत, पैसा समुद्र ओलांडून येई, मुली मात्र इथेच राहत, शिकत, शिवण-छपाई करत. कोणी दयाळू बाई केडगावच्या मुलीला बोस्टनला घरी घेऊन जाईल, ही कल्पना त्या काळात नव्हतीच. मुलानेच पैशाच्या उलट दिशेने जायचं, हे पुढच्या शतकात सुरू झालं. त्याचा कारखाना कोरियात बसला.

कोरियन युद्ध १९५३मध्ये थांबलं तेव्हा दक्षिण कोरियात अनाथाश्रम भरलेले होते आणि त्यांत अमेरिकन सैनिकांपासून झालेली मुलं होती. पित्याच्या वंशावळीवर चालणाऱ्या समाजात या मुलांना जागा नव्हती, सरकारलाही ती नकोच होती. अमेरिकेत ओरेगनमधल्या हॅरी होल्ट या धर्मनिष्ठ शेतकऱ्याने कोरियन अनाथांवरचा एक चित्रपट पाहिला. घरात सहा मुलं असताना त्याने आणि पत्नी बर्थाने आणखी आठ आणायचं ठरवलं. अमेरिकेचा कायदा एका कुटुंबाला इतकी परदेशी मुलं आणू देत नव्हता, म्हणून १९५५मध्ये खास त्यांच्यासाठी काँग्रेसने कायदा केला. होल्ट मुलं घेऊन विमानातून उतरल्याच्या बातम्या छापून आल्या आणि देशभरातून पत्रांचा पाऊस पडला: आम्हालाही एक हवं. होल्टने संस्था काढली. सुरुवातीची बरीच दत्तकं ‘मुखत्यारी’ची होती. म्हणजे अमेरिकन पालक कोरियात जायचेच नाहीत. त्यांच्या वतीने संस्थेचा माणूस कोरियन न्यायालयात उभा राहायचा, दत्तक तिथेच पुरं व्हायचं, आणि मूल विमानाने पाठवलं जायचं. अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांनी यावर कडाडून टीका केली. घर न पाहता मूल देणं त्यांना पटत नव्हतं. १९६१मध्ये अमेरिकेने कायदा बदलून हा प्रकार आवरला.

मुखत्यारी गेली, पण त्या व्यवस्थेतली एक गोष्ट टिकली, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अमेरिकेचा व्हिसा ‘अनाथ’ मुलाला मिळत असे. कोरियात प्रत्येकाची नोंद कुटुंबाच्या वहीत. मग संस्था काय करत? मुलासाठी नवीन कुटुंबनोंद तयार करत, ज्या कुटुंबात तेच एकटं. आई नाही, बाप नाही, आजा नाही. अनाथाची नोंदवही म्हणून ती ओळखली जाते. कित्येक मुलांचे आईवडील जिवंत होते, काहींनी तर गरिबीत काही महिन्यांसाठी मूल आश्रमात ठेवलं होतं. कागदाने त्यांना अनाथ केलं, आणि हा कागद असला की बाकी सगळं चटकन होई. देश श्रीमंत होत गेला तरी प्रवाह आटला नाही, उलट वाढला. सैनिकांची मुलं संपली, तशी कारखान्यांत काम करणाऱ्या अविवाहित मुलींची मुलं जाऊ लागली. १९८५मध्ये एका वर्षात आठ हजारांवर मुलं गेली. १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या वेळी परदेशी पत्रकारांनी याबद्दल टोचलं, तेव्हा कुठे सरकारला लाज वाटली. मार्च २०२५मध्ये कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने पहिला निष्कर्ष जाहीर केला: अकरा देशांतल्या ३६७ तक्रारदारांपैकी पहिल्या ५६ जणांच्या मानवी हक्कांचा भंग झाल्याचं मान्य, खोट्या अनाथनोंदी आणि अदलाबदल केलेल्या ओळखी मान्य.

युद्धांनी इतरत्रही हेच केलं. १९७२मध्ये बांगलादेशने बलात्कारातून जन्मलेल्या मुलांसाठी खास आदेश काढून ती परदेशी द्यायची सोय केली. त्या जुलैत पंधरा मुलं कॅनडात पोचली. १९७५मध्ये सायगाव पडायच्या आधी अमेरिकेने मुलं विमानं भरभरून नेली. त्यातलं ४ एप्रिलचं विमान उड्डाणानंतर लगेचच कोसळलं आणि त्यात कित्येक मुलं गेली.

भारतात युद्ध नव्हतं. इथे कायद्यातली भेग होती. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली, ही मोठीच गोष्ट. अनाथाची बंद वाट मात्र १९६२च्या दुरुस्तीने नीट उघडली: आईबाप मेले असतील, टाकून गेले असतील किंवा माहीतच नसतील, तर न्यायालयाच्या परवानगीने पालकाला मूल दत्तक देता येईल. पण घेणारा हिंदूच हवा. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी भारतीयांनाही हा कायदा लागू नव्हता, मग स्वीडिश माणसाची काय कथा. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करायचं विधेयक १९७२मध्ये राज्यसभेत आलं, धर्माच्या वादात सापडलं आणि मागे घेतलं गेलं. १९८०चा प्रयत्नही तसाच विरला. भेग बुजवायला कोणी तयार नव्हतं, म्हणून वकिलांनी १८९०चा कायदा तिच्यात कोंबला.

पुण्या-मुंबईत हे कसं चाले? १९७०मध्ये मुंबईत दत्तकाचा प्रचार करणारी संस्था निघाली होती. भारतीय जोडपी पुढे येत होती, पण संकोचत. त्यांना मुलगा हवा, गोरा हवा, निरोगी हवा, आणि शेजाऱ्यांना कळायला नको. सावळी मुलगी, पाय वाकडा असलेलं मूल, दोन भावंडं एकत्र, यांना इथे घर मिळणं कठीण. परदेशी जोडप्यांच्या अशा अटी नसायच्या. संस्थांत काम करणाऱ्या बायका हे आजही सांगतात आणि त्यात तथ्य आहे. परदेशी दत्तकावर सरसकट तोंड टाकणाऱ्यांनी ते ऐकून घ्यावं. ससून रुग्णालयाच्या मित्रमंडळाने पुण्यात श्रीवत्स हे शिशुगृह चालवलं. १९७९मध्ये तिथली एक मुलगी मुंबईकर स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नीने दत्तक घेतली. लिसा स्थळेकर पुढे ऑस्ट्रेलियाकडून एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी एकत्र नोंदवणारी पहिली महिला ठरली. त्याच १९७९मध्ये ओरेगनच्या होल्ट संस्थेने भारतात काम सुरू केलं, ते पुण्यातल्या भारतीय समाज सेवा केंद्राबरोबर. कोरियातली वाट अशी पुण्याला येऊन मिळाली.

आणि आया? त्या १८६३सारख्याच येत होत्या. विधवांच्या जागी आता कुमारी माता. सातव्या महिन्यात मावशीकडे म्हणून गावातून निघायचं, शहरातल्या संस्थेत राहायचं, बाळंत व्हायचं, सही किंवा अंगठा करायचा, आणि घरी जाऊन महिन्याभरात लग्नाला उभं राहायचं. संस्थांनी त्यांना दिलेलं वचन फुल्यांचंच होतं. फरक एकच पडला होता. फुल्यांच्या घरी आईचं नाव लपलं, तरी मूल त्याच आवारात राहत होतं. आता त्याच कोऱ्या रकान्यामुळे मूल कायद्याने मोकळं होत होतं, आणि मोकळ्या मुलाला परदेशात मागणी होती. रकाना भरलेला नसणं ही कोणाची तरी सोय झाली.

१९८२मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. एका परदेशी नियतकालिकातल्या वृत्ताच्या आधारे त्यांचं म्हणणं होतं की मुलांना जीवघेण्या लांबच्या प्रवासाला धाडलं जातं, आणि तिकडे गेल्यावर त्यांचं काय होतं ते कोणी बघत नाही. जनहित याचिकांचा तो बहराचा काळ. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी पत्रालाच याचिका मानलं आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी निकाल दिला. संसदेला जे दोनदा जमलं नव्हतं, ते एका निकालाने उभं केलं. आधी भारतीय घर शोधायचं, ते न मिळालं तरच परदेशी. परदेशी जोडप्याने थेट यायचं नाही, आपल्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत यायचं, तिने त्यांच्या घराची पाहणी करून अहवाल द्यायचा. मूल गेल्यावर दोन वर्षांच्या आत तिकडे दत्तक पुरं करायचं. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी मुलाची खुशाली कळवायची. आणि आईला, बाळंतपणाच्या आधी किंवा लगेच नंतर सही करायला लावायचं नाही. तिला विचाराला वेळ द्यायचा, मूल परदेशी जाऊ शकतं हेही तिला सांगायचं.

निकालात आणखी एक विचार आहे, तो कमी उद्धृत होतो. मूल जाणतं झाल्यावर त्याला जन्मदात्यांची माहिती द्यायला हरकत नसावी, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे १९८४लाच भगवतींना दिसलं होतं की हे बाळ एक दिवस मोठं होऊन परत येणार आहे. त्या दिवसासाठी फाइल सांभाळायची, हे मात्र ज्याच्या-त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर राहिलं. ज्या संस्थांत ती होती, तिथल्या फायली आजही सापडतात.

जिथे ती नव्हती, तिथे नियमांचा उलटा उपयोग झाला. आता ‘मोकळं’ मूल हवं असेल तर ते मोकळं असल्याचा कागद हवा, आणि कागद करता येतो. तेलंगणातल्या लंबाड्यांच्या तांड्यांवरून मुली विकत घेतल्या जात होत्या, हे १९९९मध्ये आणि पुन्हा २००१मध्ये उघड झालं. त्या ‘सोडून दिलेल्या’ म्हणून नोंदल्या होत्या. चेन्नईच्या झोपडपट्ट्यांतून पळवलेली मुलं रीतसर कागदांवर परदेशी पोचल्याचं २००५च्या सुमारास बाहेर आलं. पुणंही सुटलं नाही: मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१०मध्ये सीबीआयने इथल्या एका संस्थेवर गुन्हा नोंदवला. स्वित्झर्लंडच्या झुरिच आणि थुर्गाउ या दोन प्रांतांनी इतिहासकारांकडून १९७३ ते २००२मधल्या भारतीय मुलांच्या फायली तपासून घेतल्या आणि २०२४मध्ये ते संशोधन पुस्तकरूपाने आलं. पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘आई अज्ञात’. तपासलेल्या फायलींपैकी एकीतही आईचं संमतिपत्र नव्हतं. यातल्या बऱ्याच आया लाजेपायी लपलेल्या असतील. काहींना विचारलंच गेलं नसेल. कोऱ्या रकान्यावरून हा फरक कळत नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. बाईला वाचवण्यासाठी ठेवलेली गुप्तता आणि मूल मिळवण्यासाठी केलेली लबाडी, कागदावर दोन्ही अगदी सारख्या दिसतात.

१८९०च्या हुकुमाचाही हिशेब कधीतरी व्हायचाच होता. तो दत्तक देत नसे, फक्त पालकत्व देत असे. पुढचं काम परदेशी पालकांनी केलं नाही, तर मूल अधांतरी. १९८९मध्ये मुंबईहून अमेरिकेला गेलेल्या एका मुलीच्या बाबतीत तसंच झालं: तिच्या नागरिकत्वाचे सोपस्कार कोणी पुरे केलेच नाहीत. अमेरिकेने दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा केला, पण तो २७ फेब्रुवारी २००१ रोजी अठरा पूर्ण झालेल्यांना लागू नव्हता. एका गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर २००८मध्ये तिला मुंबईत आणून सोडलं. नवरा आणि दोन मुलं तिकडे. इथली भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. तिने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. एका न्यायालयीन हुकुमाने तिला बाहेर नेलं होतं, दुसऱ्याने परत आणलं.

कायदा हळूहळू सुधारत गेला. १९९०मध्ये केंद्राने दत्तकासाठी संस्था नेमली, तिला सगळे ‘कारा’ म्हणतात. १९९३च्या हेग कराराने परदेशी दत्तकाला आंतरराष्ट्रीय नियम घातले. भारताने तो २००३मध्ये मान्य केला. बालन्याय कायद्याने, विशेषतः २००६ची दुरुस्ती आणि २०१५चा नवा कायदा यांनी, धर्म न विचारता दत्तक घ्यायची वाट खुली केली आणि १८९०चा कायदा या कामातून जवळपास निवृत्त झाला. नंतर दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्याने द्यावा असा बदल आला, तो सप्टेंबर २०२२पासून लागू झाला. जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन महाराष्ट्रात हे काम न्यायालयांकडेच ठेवलं. जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर आधीच काय कमी फायली असतात, हा प्रश्न कोणालाही पडेल.

तोवर प्रवाहच आटला होता. जगात २००४ हे कळसाचं वर्ष, सुमारे पंचेचाळीस हजार मुलांचं. मग ग्वाटेमाला बंद झालं, रशियाने अमेरिकेला दार लावलं, इथिओपियाने २०१८मध्ये मनाई केली. नेदरलंड्सने २०२१मध्ये घेणाऱ्याच्या बाजूने थांबवलं. सप्टेंबर २०२४मध्ये चीनने परदेशी दत्तक संपवलं. तीन दशकांत तिथून दीड लाखाहून अधिक मुलं, बहुतांश मुली, गेल्या होत्या. भारतातून २०२३-२४मध्ये ४४९ मुलं परदेशी गेली, देशात ३,५६० दत्तक झाली. देशात वाट पाहणाऱ्या जोडप्यांची यादी तीस हजारांच्या वर आहे आणि तीत मुलगीही हवी असते; १९७५च्या पुण्यात हे कोणाला खरं वाटलं नसतं. परदेशी जातात ती मुख्यतः मोठी झालेली, आजारी किंवा अपंग मुलं, म्हणजे जी आजही इथल्या यादीवाल्यांना नको असतात.

सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलेली मुलं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि पुण्या-मुंबईत येऊन फाइल मागतात. पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेल्या एकाला फायलीसाठी मुंबई उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या कित्येक वर्षं झिजवाव्या लागल्या. आता नियमांत मुळांच्या शोधाला जागा आहे: अठरा पूर्ण झाल्यावर स्वतः अर्ज करता येतो, तिऱ्हाइताला करता येत नाही, आणि जन्मदात्रीच्या खासगीपणाला धक्का लागेल अशी माहिती देता येत नाही. नियम वाचायला समतोल वाटतो. पण ती बाई आता साठीची आहे, सातारा किंवा बीडकडच्या गावात नातवंडं सांभाळते, आणि नवऱ्याला काही माहीत नाही. तिच्या घरी आलेलं पाकीट सून फोडेल.

तिला दिलेलं वचन पाळलंच पाहिजे; ते मोडायचा अधिकार फक्त तिचा. अनुभवी कार्यकर्तीने जाऊन तिला एकटीला गाठून विचारावं, ती नाही म्हणाली तर परत यावं, आणि मुलाला निदान एवढं सांगावं की विचारलं होतं. पण हे वचन फक्त आईला दिलेलं आहे. ज्या फायलीत मूल खोटंच ‘सापडलेलं’ म्हणून लिहिलं गेलं, पळवलेल्याला सोडलेलं केलं, तिथे गुप्ततेच्या नावाखाली लपतोय तो खोटी नोंद करणारा. त्याला कोणी वचन दिलेलं नाही. कोणती फाइल कुठल्या जातीची हे ओळखायचं तर रुग्णालयाच्या प्रसूतीच्या नोंदी, पोलीस ठाण्याच्या डायऱ्या आणि न्यायालयातली मूळ प्रकरणं शेजारी ठेवून ताडून पाहावी लागतात. स्वित्झर्लंडच्या दोन प्रांतांनी आपल्याकडच्या कागदांपुरतं ते पैसे देऊन करून घेतलं. त्याच प्रकरणांची दुसरी बाजू इथल्या दप्तरखान्यांत असायला हवी, आणि तिच्यासाठी सध्या अर्ज करताहेत ती एकेकटी माणसं, आपल्या खर्चाने तिकीट काढून आलेली, दुभाषा सोबत घेऊन.